गहूभर जास्तीचं मेण

"तोंड वर कर. आणि हसू नको," सुभाना कुंभार म्हणाला.

"हसत न्हाई, बाबा. नाक नसलं की तोंड असंच दिसतं."

त्यानं हात मागे घेतला. हातात कोमट मेणाचा गोळा होता. सकाळपासून तीनदा त्यानं ते मेण माझ्या तोंडावरच्या भोकावर थापलं होतं, चार पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून पाहिलं होतं, आणि खरवडून काढलं होतं. पुण्याच्या कुंभारवाड्यात त्याच्या अंगणात मी पाटावर बसले होते. भोवती रांजण आणि परळ वाळत ठेवलेले. समोर ओट्यावर पान चघळत एक माणूस बसला होता आणि माझं नवं नाक कसं असावं याच्या सूचना देत होता. जुनं नाक त्यानंच कापलं होतं.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. नाक कापलेल्या बाईला तो नियम लागू नसावा, असं धरून मी घेते. हैबती. हैबती ओतारी, मुक्काम सासवड.

"आधी होतं तसंच करा," हैबती म्हणाला. "चाफेकळीवानी नाक होतं हिचं."

"येवढं आवडत होतं तर जाग्यावर ऱ्हाऊ द्यायचं," मी म्हणाले.

हैबतीला तेवढ्यात रस्त्यावर काहीतरी पाहण्यासारखं दिसलं.

आम्ही ओतारी. घंटा, समया, देवाचे टाक, मुखवटे ओतून देणारे. आधी वस्तू मेणात घडवायची, तिच्यावर माती लिंपायची, माती तापवून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत पितळेचा रस ओतायचा. ओतणं पुरुषाचं काम. त्यात धग असते, ठिणग्या असतात, बघायला लोक जमतात. मेणाचं काम बाई चुलीपाशी बसून करते, म्हणून ते काम नव्हे. वर्षापूर्वी एका गोसाव्यानं आमच्याकडून घंटा करून नेली. घंटेवर छोटा नंदी होता. तो निरखून गोसावी म्हणाला, "हे मेण कुणाच्या हातचं?" मी म्हणाले, "माझ्या." तो म्हणाला, "वा." एवढंच आमचं प्रकरण. गोसावी गेला, आणि तिसऱ्या दिवशी माझं नाक गेलं.

जातीचे पंच बसले. दोन दिवस बसले, कारण पहिल्या दिवशीचं जेवण चांगलं होतं. निवाडा असा झाला की हैबतीनं घाई केली ही चूक, आणि बाईनं परक्याला उत्तर दिलं ही त्याहून थोर चूक. सबब हैबतीनं जातीला जेवण घालावं. नाक माझं गेलं आणि बुंदी पंचांनी खाल्ली.

पुढचं वर्ष मी भोरला भावाच्या घरी तोंडाला पदर गुंडाळून काढलं. भावजय फार भली. तिनं मला चुलीपाशीच ठेवलं, कारण नाक नसलेल्या बाईला धुराचा त्रास होत नाही असं तिचं मत होतं. त्या वर्षात मी परातीतल्या पाण्यातसुद्धा डोकावून पाहिलं नाही. मेणाला हात लावला नाही. आणि मग एके दिवशी हैबती दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "पुण्यात एक कुंभार नाकं करतो. चल. झालं गेलं इसरून जा."

मी निघाले. त्याच्यासाठी नाही, नाकासाठी. चारचौघांत तोंडावरचा पदर काढावा, एवढंच मला हवं होतं. ते कुणाच्या हातून मिळतंय हे बघत बसायची माझी ऐपत नव्हती. नाक झालं की सासवडला परत यायचं असं ठरलं होतं. म्हणजे त्यानं ठरवलं होतं. मी अजून हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

तर सुभानानं चौथ्यांदा मेण थापलं आणि मला राहवेना.

"बाबा, कालचा तो बैलवाला बघितला मी. नाक दाखवायला आला हुता तो."

"दोन सालांमागं केलंय त्येचं. कसं बसलंय!"

"बसलंय खरं. पर लेकाचं नाक बापाच्या तोंडावर बसवल्यागत दिसतंय. येवढं ल्हान का?"

"कातडं हाय ते. आकसतं."

"आन् रांजण? भट्टीत रांजण आकसत न्हाई?"

"आकसतो की."

"मग वल्ला असताना थोरला घडवता?"

"घडवावाच लागतो. अंगठाभर."

"मग नाक का न्हाई घडवत थोरलं?"

अंगणाच्या कोपऱ्यात आवडाई, म्हणजे सुभानाची बायको, चिखल तुडवत होती. तिचे पाय थांबले. सुभाना माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या घराण्यात चार पिढ्या नाकं करत होत्या आणि त्याच अंगणात, त्याच हातांनी, चार पिढ्या रांजणही करत होत्या. ओल्या मातीला अंगठाभर जास्त द्यायचं हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"माझ्या बानं असंच दावलंय," तो शेवटी म्हणाला. "त्येच्या बानं त्येला."

"रांजण बी बानंच दावला असंल की."

"रांजण म्हंजे धंदा, पोरी. नाक म्हंजे वसा. वशात फेरफार करत न्हाईत."

"बरोबर हाय. रांजण चुकला तर गिऱ्हाईक आयमाय काढतं. नाक चुकलं तर देवाची मर्जी."

चिखलातून आवडाई खुदकन हसली. सुभाना रागावेल असं मला वाटलं. पण त्यानं मेणाचा गोळा माझ्या पुढ्यात टाकला आणि म्हणाला, "तू ओताऱ्याची ना? कर तुझं तू."

वर्षानं हातात मेण आलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांतून पाणी आलं ते पुसायचीही शुद्ध राहिली नाही. आवडाईनं परातीत पाणी भरून पुढं ठेवलं. मी वाकले आणि पाहिलं. जे दिसलं ते सांगत नाही. मग डोळे मिटले, कारण माझं नाक कसं होतं ते डोळ्यांना आठवत नव्हतं, बोटांना आठवत होतं. मधली उंची, शेंड्याची गोलाई, डावी नाकपुडी उजवीपेक्षा जरा रुंद. मेण बसलं तसं मी ते अलगद सोडवलं, कडेनं सगळीकडून एका गव्हाच्या दाण्याएवढं वाढवलं आणि सुभानाच्या हातात दिलं.

"गहूभर जास्त हाय," मी म्हणाले. "आमी घंटेला देतो तेवढं."

"आन् आकसलं न्हाई तर?"

"तर मुरडायला थोडं जास्त मिळंल."

त्यानं ते मेणाचं नाक पाटीवर दाबून सपाट केलं, पानासारखं, आणि माझ्या कपाळावर उलटं धरून पाहिलं. शेंडा केसांकडे, देठ दोन भुवयांच्या मध्ये. मग तो ओट्याकडे वळला, आणि त्याचा आवाज बदलला.

"हैबती, इकडं बग. ह्या मेणाच्या मापानं मी हिच्या कपाळाचं कातडं सोडवणार. भुवयांमधला देठ तेवढा ठेवणार, आन् त्याच देठावर पीळ देऊन खाली नाकाला वळवणार. कुंकवाची जागा त्यात जाती. तितं पुन्ना कुंकू बसंल न बसंल. म्हून लगीन झालेल्या बाईचं कपाळ मी नवऱ्याला इचारल्याबिगर घेत न्हाई. बोल."

माझं कपाळ. मला कुणी विचारलं नाही. पण वसा तो वसा.

"घ्या की," हैबती म्हणाला. "कुंकू काय, जरा बाजूला लावंल."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पिंक टाकायला जागा शोधत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम झालं. त्या वेळी संगमावरच्या बंगल्यातून एक गोरा डॉक्टर साहेब आला होता, बरोबर दुभाषी त्रिंबकपंत. साहेबाला कुणी सांगितलं होतं की एक कुंभार नाकं करतो, आणि त्याचा विश्वास बसला नव्हता. तो पाटावर मांडी घालायला गेला, ते जमलं नाही, मग उपड्या रांजणावर बसला. मी उताणी झोपले. आवडाईनं माझं डोकं मांडीवर घेतलं, दाताखाली सुपारी दिली आणि कानात म्हणाली, "वराड तू. हितं समदी वराडत्यात. बाप्ये तर लईच."

मी ओरडले नाही. मोठेपणा नव्हता तो. सुपारी घशात जाईल याची भीती होती. वस्तऱ्यानं सुभाना मेणाच्या कडेकडेनं गेला. गरम रक्त कानात उतरलं. मग त्यानं कपाळाचं ते पान सोडवलं, देठावर पीळ दिला, खाली आणलं, आणि जिथं वर्षभर वारा लागत होता तिथं काहीतरी ओलं, ऊबदार येऊन टेकलं. त्यानं कड कडेला बसवली, वर कातात भिजवलेल्या चिंध्या लावल्या आणि नाकपुड्या मिटू नयेत म्हणून खाली दोन बोरूच्या नळ्या सरकवल्या. साहेब भराभर लिहीत होता.

"साहेब विचारतात, हे तांबडं काय?" त्रिंबकपंत म्हणाले.

"कात."

"पानाचा?"

"दुसरा कंचा असतो?"

साहेबानं काताचा खडा हुंगला, चाटला, तोंड वाकडं केलं आणि लिहिलं. त्यानं सगळं विचारलं. वस्तरा कुठल्या लोखंडाचा, देठ किती दिवसांनी कापायचा, निजायचं कसं, तूप कधी लावायचं. सगळ्याची नोंद झाली. मग सुभाना हात धूत म्हणाला, "पंत, आनि एक लिवा. मेण गहूभर जास्त घेतलंय. माझं न्हाई ते, ह्या पोरीचं हाय."

त्रिंबकपंतांनी माझ्याकडे पाहिलं. मी कातानं माखून पडले होते. "असू दे हो," ते म्हणाले. "एवढं बारीक साहेबाला कशाला?" आणि साहेबाला ते काहीतरी दुसरंच बोलले, कारण साहेब मान डोलवून खूश झाला. मग त्यानं माझं चित्र काढलं. ते चित्र विलायतेला गेलं म्हणतात. तिकडचे वैद्य त्यावरून शिकले म्हणतात. त्यांच्याकडची नाकं आकसत असतील तर ती त्रिंबकपंतांची कृपा.

पाच-सहा दिवस मी उताणी पडून होते. मग उठून बसायची परवानगी मिळाली. नाक होतं. सुजलेलं, जांभळं, भुवयांमधून सोंडेसारख्या देठानं लोंबलेलं, पण होतं. आणि त्यात एक गंमत होती. नाकावर माशी बसली की गुदगुल्या कपाळाला व्हायच्या. मी फटकन कपाळावर मारायची, माशी नाकावर मजेत बसलेली, आणि आवडाई हसून हसून चिखलात बसायची.

"त्येला अजून ठावं न्हाई घर बदललंय ते," ती म्हणाली. "समद्यांचं असंच हुतं."

"किती दिवस?"

"देठ कापंपर्यंत. त्येच्या पुढं मग कायच कळत न्हाई. लाकूड."

"आन् परत कवा येतं?"

"कुणाला येतं वरीस-दोन वरसांनी. कुणाला येतच न्हाई. तू वाट बघू नगंस."

बाराव्या दिवशी हैबती आला. सीताफळं घेऊन आला. पाटाशेजारी भुईवर बसला; माझ्या शेजारी असा तो लग्नात बसला असेल तेवढाच. मग म्हणाला, "लई सोसलंस गं."

मी पाटाच्या कडेचा सुकलेला चिखल नखानं खरवडत होते.

"माझं डोस्कं फिरलं हुतं तवा," तो म्हणाला. "घर खायला उठतं. चुलीपाशी तू नसतीस." आणि त्यानं हात पुढे करून एका बोटानं हलकेच माझ्या नाकाला स्पर्श केला.

तो मला कपाळावर लागला. बरोबर मधोमध, दोन भुवयांच्या वर, जिथं लग्नात त्यानं कुंकू लावलं होतं तिथं. त्या जागी आता कातडंच नव्हतं, नुसती खपली होती, तरी मला त्याचं बोट तिथंच कळलं. आणि मी रडले. वर्षभर मनात शंभर शिव्या पाठ करून ठेवल्या होत्या, त्यांतली एक आठवेना. मला बरं वाटलं. हे मी आज तीस वर्षांनी सांगते आहे, आणि आजही सांगताना माझी मला चीड येते, पण वाटलं ते वाटलं.

तो गेल्यावर मी आवडाईला म्हणाले, "जाईन म्हनते सासवडला."

आवडाईनं सीताफळ फोडलं, एक बी थुंकून टाकली. "जा. नाक तुजं हाय."

"माणूस सुधरतो की."

"सुधरतो तर. फळं गोड हायेत."

पंचविसाव्या दिवशी देठ कापायचा होता. हैबती सकाळीच हजर झाला. बरोबर हिरवं लुगडं होतं आणि एक गुरव होता. गुरव कशाला, हे मला कळेना. वाटलं, नवस केला असेल माझ्या नावानं. बाई एकदा चांगलं वाटून घ्यायला लागली की तिला आवरणं कठीण.

सुभानानं वस्तरा फिरवला. देठ सुटला, रक्ताचा थेंब आला, कात लागला. तो नाकाला हळूच बोट लावून म्हणाला, "कुठं कळतं?"

मी थांबून पाहिलं. "कुठंच न्हाई."

"हां. झालं काम."

आवडाईनं परात पुढं केली. या वेळी मी डोळे मिटले नाहीत. पाण्यात एक बाई होती. तिच्या कपाळावर मोठा लाल चट्टा होता, आणि खाली नाक होतं. चाफेकळी वगैरे नव्हतं. जरा थोराडच होतं, कारण आकसायला वर्ष लागायचं होतं. पण डावी नाकपुडी उजवीपेक्षा जरा रुंद होती. ती मीच होते. मी तोंडावरचा पदर खांद्यावर टाकला आणि हात मोकळे सोडले.

तेवढ्यात गुरव पुढे आला. गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि बैलाचे दात बघावेत तसं माझं नाक बघायला लागला. या बाजूनं, त्या बाजूनं.

"श्वास घे," तो म्हणाला. "सोड." मग हैबतीकडे वळून, "व्यंग तर न्हाई म्हनता येनार आता. चालंल."

"न चालायला काय झालं?" हैबती म्हणाला. "पक्कं हाय. ह्ये बगा." आणि त्यानं अंगठा आणि बोट यांत माझं नाक धरलं आणि गदगदा हलवून दाखवलं.

त्याची बोटं मला दिसत होती. नाकाला ती कळत नव्हती. मी कपाळाकडे लक्ष नेलं. तिथंही काही नव्हतं. बारा-तेरा दिवसांपूर्वी याच माणसाच्या एका बोटानं मला रडवलं होतं. आता तो अख्खं नाक हलवत होता आणि मला कुठंच काही लागत नव्हतं.

"कशाला चालंल?" मी गुरवाला विचारलं.

"मुखवट्याला," गुरव म्हणाला. "घाटाखाली आमच्या देवीआईचा नवा मुखवटा करायचाय. आठ महिने झालं ह्यो हैबती आज देतो, उद्या देतो म्हनतोय. तीन मेणं इस्कटली ह्यानं. आमी म्हटलं, आमाला तुझ्या हातचा नकोच. ज्या हातानं घंटेवरला नंदी केला, त्या हातचा पायजे. गोसावीबुवांनी नंदी दाखवून तसं सांगून ठेवलंय. पर तुमचं हे असं झालेलं. व्यंग असलेल्या बाईच्या हातचं मेण आईला चालत न्हाई."

गोसाव्यानं 'वा' म्हटलं म्हणून माझं नाक कापलं गेलं होतं. गोसाव्यानं 'वा' म्हटलं म्हणूनच ते परत बसवलं जात होतं. मधल्या वर्षात मी फक्त चुलीपाशी बसले होते.

हैबती घाईनं म्हणाला, "ते मग बोलू. आवडाई, हिला कुंकू लावा. लेकीगत ऱ्हायली तुमच्याकडं, कुंकू लावूनच धाडा. म्होरं मुहूर्त हाय मुखवट्याचा."

आवडाई करंडा घेऊन आली. बोटावर कुंकू घेतलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या कपाळाच्या मधोमध चट्टा होता, अजून ओलसर.

"कुठं लावू?" ती म्हणाली. मला नाही, हैबतीला.

"लावा की जरा बाजूला," हैबती म्हणाला.

आपण हे आधी बोललो आहोत, हेसुद्धा त्याला आठवत नव्हतं.

"हैबती," मी म्हणाले.

गुरवानं कानाला हात लावला. सात वर्षांच्या संसारात मी ते नाव उखाण्यातसुद्धा आढेवेढे घेऊन घेतलं होतं. नवऱ्याला तोंडावर नावानं हाक मारणारी बाई त्या अंगणात तोवर कुणी पाहिली नव्हती.

"कुंकू कशाला बाजूला? मीच सरते बाजूला. तुमी जावा."

"डोस्कं फिरलं का तुजं?" तो ओरडला. "ह्ये नाक माझ्यामुळं मिळालंय तुला!"

"गेलं बी तुमच्यामुळंच. फिट्टंफाट झाली."

"पुन्ना कापीन!"

सुभाना वस्तरा पुसत होता. त्यानं मान वर केली नाही. "हैबती, ह्या अंगणात कापायचं काम माझं हाय," तो म्हणाला. "बाकीच्यांनी वाट धरावी."

हैबती उभा राहिला. त्यानं गुरवाकडे पाहिलं, सुभानाकडे पाहिलं, माझ्या नाकाकडे पाहिलं. ओट्यावरचं हिरवं लुगडं त्यानं उचललं, घडी मोडू न देता काखेत मारलं आणि निघाला. सीताफळांच्या साली राहिल्या होत्या तेवढ्या राहिल्या. सगळं शांत झाल्यावर मी हमसाहमशी रडले. आवडाईनं मला रडू दिलं, आणि मग म्हणाली, "उठ. भायेर एक जण आलाय. नाक न्हाई त्येला. मेण कर."

तेव्हापासून मी इथंच आहे. तीस वर्षं झाली. किती नाकांचं मेण केलं ते मोजलं नाही. सुभाना गेला, आवडाई गेली, आता त्यांचा लेक वस्तरा धरतो. परवा एका पोरीचं कातडं फारच पातळ होतं. मी म्हणाले, हिला दोन गहू देऊ. तर तो मला म्हणतो, "न्हाई मावशे. एकच गहू. माझ्या बानं असंच दावलंय."

पण मुखवट्याचं राहिलंच. तो हैबतीनंच केला. मुहूर्त आला होता, दुसरा कुणी ओतारी मिळेना, आणि गुरवानं नाइलाजानं होकार दिला. चार वर्षांनी, नाक अजून लाकूडच असताना, मी आणि आवडाई घाटाखालच्या त्या गावी जत्रेला गेलो. आवडाईचा नवस होता. माझं काही नव्हतं, मला फक्त बघायचं होतं.

गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी तोच गुरव होता. त्यानं मला ओळखलं नाही, पण कपाळाचा चट्टा त्याला दिसला. "बाई, तितनंच दर्शन घ्या," तो म्हणाला. "व्यंग असलेल्यांनी आत येऊ नये."

मी तिथूनच पाहिलं. डोळे बरे होते. गाल जरा फुगलेले. आणि आईला नाक अर्धं होतं. शेंडा नव्हताच. मेणात नाकाच्या शेंड्याला वारा निघायला वाट ठेवावी लागते, नाहीतर आत हवा कोंडते आणि रस तिथवर पोचत नाही. ती वाट मी दर वेळी ठेवत होते. हैबतीनं कधी विचारलं नव्हतं, कारण ते काम नव्हतं.

"ह्यी आमची नकटी आई," शेजारची एक बाई हात जोडून मला म्हणाली. "लई कडक. नवसाला पावती."

गुरव तिच्या त्या अर्ध्या नाकाच्या वर, कपाळभर मळवट भरत होता. मी उंबऱ्याबाहेर उभी होते, माझ्या अख्ख्या नाकासकट. मला हसू यायला लागलं आणि आवरेना. आवडाईनं कोपरानं ढोसलं. जत्रा होती, गुळाचा नैवेद्य होता, माश्या घोंघावत होत्या. त्यांतली एक आईच्या नाकावरून उठली, गुरवाच्या डोक्यावरून आली आणि माझ्यावर बसली.

मी फटकन मारलं. माशी उडाली.

आवडाई माझ्याकडे पाहत राहिली. माझा हात अजून तिथंच होता. कपाळावर नव्हता, नाकावर होता.

"आलं?" तिनं विचारलं.

"आलं," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी गूळ घ्यायला रांगेत उभ्या राहिलो.